एचओएच्या नियमांत बसणारी स्थानिक रोपांची बाग: प्रकल्प नोंदी, हॉवर्ड काउंटी, मेरिलँड

१९ ऑगस्ट २०२४ – कागद आधी, कुदळ नंतर

जागा: स्वतंत्र घर, दक्षिणेला तोंड. समोर सुमारे १,०५० चौरस फूट लॉन. छपराच्या ४०० चौरस फूट भागाचे पाणी एकाच डाउनस्पाउटमधून (छपराचे पाणी खाली आणणारा उभा नळ) थेट लॉनवर पडते. करायचे ते असे: ३५० चौ. फुटांचा वाफा आणि ७० चौ. फुटांची रेन गार्डन, म्हणजे पावसाचे पाणी साठवून मुरवणारी उथळ खोलगट बाग. दोन्हींत याच भागातली मूळची रोपे. उरलेले लॉन तसेच राहील.

होमओनर्स असोसिएशनकडून (एचओए, वस्तीतल्या घरमालकांची संघटना) तीन कागद मागवले: नोंदणीकृत कव्हेनंट (घरासोबत येणाऱ्या बंधनांचा दस्त), आर्किटेक्चरल नियमावली आणि प्लॉटचा मोजणी नकाशा. नियमावली संकेतस्थळावर सापडते, पण नोंदणी झालेला मूळ दस्त वाचल्याशिवाय अर्ज लिहू नये. बरेचदा नियमावलीत जे 'बंधनकारक' म्हणून छापलेले असते त्याला दस्तात आधारच नसतो.

इथल्या नियमावलीतले अडचणीचे वाक्य असे: समोरच्या अंगणाचा किमान ६० टक्के भाग लॉन असला पाहिजे. म्हणजे ६३० चौ. फूट. आपल्या आराखड्यात ६३० च उरते, त्यामुळे पहिल्या टप्प्यात वाद नाही. पुढच्या टप्प्यात येईल, म्हणून कायदा आत्ताच नीट लावून घेतला.

मेरिलँडच्या रिअल प्रॉपर्टी कायद्याचे कलम २-१२५ हे १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. त्यामागे याच काउंटीतल्या कोलंबिया गावातले प्रकरण होते. २०१७ मध्ये असोसिएशनने एका जोडप्याला बाग काढून लॉन लावायला सांगितले. ते कोर्टात गेले, २०२० च्या अखेरीस तडजोड झाली आणि बहुतेक बाग राहिली. त्यानंतर विधिमंडळाने हा कायदा केला.

कलमाचा सांगाडा असा. पाणी वाचवणारी, देखभालीचा खर्च कमी करणारी, प्रदूषण रोखणारी आणि वन्यजीवांना आसरा देणारी बाग म्हणजे 'लो-इम्पॅक्ट लँडस्केपिंग'. परागवाहक कीटकांसाठीची बाग, रेन गार्डन, कमी पाण्याची बाग, पक्ष्या-प्राण्यांसाठीची बाग हे सगळे त्यात नावानिशी आहे. कव्हेनंट किंवा नियमाने अशा बागेवर अवाजवी बंधन घालता येत नाही. अवाजवी कशाला म्हणायचे तेही दिले आहे: खर्च लक्षणीय वाढवणारे, बागेची परिणामकारकता लक्षणीय घटवणारे, किंवा लागवडीचा सगळा वा काही भाग लॉनचाच हवा असे म्हणणारे बंधन. ६० टक्क्यांचा नियम या शेवटच्या प्रकारात सरळ अडकतो.

पण मालकाच्या बाजूनेही दोन अटी आहेत. जागा त्याच्या मालकीची किंवा फक्त त्याच्याच वापराची हवी. आणि त्याने बागेची देखभाल व नियमित निगा राखली पाहिजे. शिवाय अशा बागेतल्या घटकांचा प्रकार, संख्या आणि जागा यांबाबत वाजवी सौंदर्यविषयक नियम करण्याचा अधिकार असोसिएशनकडे राहतोच. कायदा हाताशी आहे म्हणून अर्जच करायचा नाही, हा मार्ग चुकीचा आहे. तशी बाग उभी राहिली की वाद रोपांवरून उठतो आणि 'परवानगी घेतली नाही' यावर जाऊन बसतो. तिथे मालकाची बाजू लंगडी पडते.

'नियमित निगा' ही अटच या नोंदी ठेवण्याचे कारण आहे. तारीख, काम, फोटो. वाद झालाच तर हाच पुरावा.

नकाशावर पाहिले: फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी मालकाची नाही, ती रस्त्याच्या हद्दीत आहे. तिथे काही लावायचे नाही. टाउनहाऊसमध्ये राहणाऱ्यांनी हे आणखी बारकाईने पाहावे. दारासमोरचा तुकडा कित्येकदा सामाईक मालकीचा निघतो.

आपल्या मराठी घरांमधून हमखास येणारा प्रश्न: मेथी, कोथिंबीर, भेंडीचा वाफा यात बसतो का? व्याख्येत भाजीपाल्याचे नाव नाही. या कलमाच्या आधारावर समोरच्या अंगणात भाजी लावू नये. तुळस कुंडीत ठेवावी.

२ सप्टेंबर २०२४ – माती आणि पाणी

खणण्यापूर्वी ८११ ला (जमिनीखालच्या लाइनींवर खुणा करून देणारी फोनसेवा) कळवणे सक्तीचे आहे, आणि फुकट आहे. दोन पूर्ण कामकाजाचे दिवस धरावेत. खुणा आल्या: पिवळी गॅसची, नारिंगी केबलची. गॅसची लाइन वाफ्याच्या पश्चिम टोकाखालून जाते. खुणेच्या दोन्ही बाजूंना १८ इंचांत यंत्र नाही, फक्त हातखुरपे.

मातीचे नमुने दहा ठिकाणांहून, सहा इंच खोलीपर्यंत, एकत्र मिसळून प्रयोगशाळेत. पीएच ५.८, फॉस्फरस भरपूर. म्हणजे खत, कंपोस्ट, चुना काहीच नको. इथल्या बहुतेक स्थानिक गवतांना आणि फुलझाडांना खताने भरलेली माती मानवत नाही: उंच वाढतात, मऊ पडतात आणि पावसाळी वाऱ्यात फुटपाथवर लोळतात. मग तक्रार येते ती 'तण माजले' म्हणून. मेरिलँडमध्ये चाचणीत कमतरता दिसल्याशिवाय लॉनलाही फॉस्फरस घालायला कायद्याने मनाई आहे, कारण तो वाहत चेसापीक उपसागरात जातो. अर्जात हे एक वाक्य घालायचे.

पाणी मुरण्याची चाचणी: भिंतीपासून १४ फुटांवर १२ इंच खोल खड्डा. एकदा भरून पूर्ण जिरू दिला, मग पुन्हा भरून मोजले. सहा तासांत साडेचार इंच, म्हणजे तासाला पाऊण इंच. चालेल. तासाला अर्ध्या इंचाहून कमी आले असते तर जागा बदलली असती. पहिल्या भरणीचे माप धरू नये. कोरडी माती पाणी पटकन ओढते आणि आकडा फसवा येतो.

आकार: ४०० चौ. फूट छप्पर गुणिले एक इंच पाऊस म्हणजे ३३ घनफूट, साधारण २५० गॅलन. खोली सहा इंच धरली तर तळ ६७ चौ. फूट. ७० घेतला. पाया भिजू नये म्हणून रेन गार्डन घरापासून किमान दहा फूट लांब हवी.

१६ सप्टेंबर २०२४ – रोपांची यादी

वाफ्यातले ४८ चौ. फूट तीन इंकबेरी झुडपांना, भिंतीपासून तीन फूट सोडून. नर आणि मादी दोन्ही घेतले तरच फळे धरतात. उरले ३०२ चौ. फूट, १५ इंच अंतराने १९३ रोपे. पन्नास खणांचे चार ट्रे, सात जादा.

लिटल ब्लूस्टेम गवत ५०. ऍरोमॅटिक ऍस्टर, बटरफ्लाय वीड, रुडबेकिया फुल्गिडा, पेन्स्टेमॉन डिजिटॅलिस, मॉस फ्लॉक्स आणि पेनसिल्व्हेनिया सेज (गवतासारखी कॅरेक्स) प्रत्येकी २५. फ्लॉक्स फुटपाथच्या कडेला, कारण ती सहा इंचांवर जात नाही आणि एप्रिलमध्ये फुलून 'ही बाग आहे' हे आधी सांगते. सेज झुडपांच्या सावलीत.

रेन गार्डनसाठी ५०: जंकस, ब्लू फ्लॅग आयरिस, लाल लोबेलिया, पांढरे टर्टलहेड आणि स्वॅम्प मिल्कवीड, दहा-दहा. टर्टलहेडवर बाल्टिमोर चेकरस्पॉट हे फुलपाखरू अंडी घालते. १९७३ पासून तो मेरिलँडचा राज्यकीटक आहे. पण त्याला ओली गवताळ माळराने लागतात. वस्तीतल्या खड्ड्यात तो येईलच असे अर्जात लिहू नये.

मिल्कवीडबद्दल असोसिएशनच्या अर्ज तपासणाऱ्या समितीच्या मनात 'हे तणच' असे पक्के असते. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मिल्कवीडशिवाय दुसरे काही खात नाहीत. आपल्याकडची रुई याच कुळातली, आणि तिच्यावर वाढणारे प्लेन टायगर मोनार्कच्याच प्रजातिगटातले, हे मराठी घरात सांगितले की लगेच उमगते. पण जात निवडून घ्यावी. कॉमन मिल्कवीड जमिनीखालून पसरते, चार-पाच फूट जाते, शेजारच्या लॉनमधून डोके काढते. समोरच्या अंगणात ते लावणे म्हणजे वादाला आमंत्रण. बटरफ्लाय वीड, हेही मिल्कवीडच, दोन फुटांत राहते, जागा सोडत नाही.

गोल्डनरॉड यंदा वगळले. लोक शिंकांचा दोष त्याला देतात. खरे तर शिंका येतात त्या रॅगवीड या तणाच्या वाऱ्यावरच्या परागांमुळे. गोल्डनरॉडचे पराग जड असतात, ते कीटकच नेतात. तरी पहिल्याच अर्जात हा वाद कशाला ओढवायचा?

रोपवाटिकेला विचारायचा प्रश्न: रोपांवर निओनिकोटिनॉइड कीटकनाशक वापरले आहे का? मेरिलँडमध्ये २०१८ पासून सामान्य ग्राहकाला ही औषधे किरकोळीत विकता येत नाहीत, पण रोपे बाहेरच्या राज्यांतूनही येतात.

३० सप्टेंबर २०२४ – अर्ज

पाच पाने. (१) वरून दिसणारा आराखडा, एक इंचाला आठ फूट, कडा आणि पायवाट दाखवून. (२) रोपांची यादी: नाव, संख्या, पूर्ण वाढीची उंची, फुलण्याचे महिने. (३) निगेचे वेळापत्रक महिनावार. (४) पाण्याचा हिशेब. (५) कलम २-१२५ चा संबंधित मजकूर, अधोरेखित न करता, शेवटी.

कायद्याचे पान शेवटी ठेवण्याला कारण आहे. समितीवर बसलेली माणसे शेजारीच असतात, फुकट काम करतात. पहिल्याच ओळीत कलम आले की अर्ज त्यांच्या वकिलाकडे जातो आणि महिने जातात. उंचीचा तक्ता पुढे ठेवावा. त्यांना खरी भीती उंचीची असते.

'जंगल', 'माळरान', 'नैसर्गिक वाढ' हे शब्द टाळले. 'वाफा', 'कडा', 'आच्छादन', 'हंगामी छाटणी' हे वापरले. ईमेलने पाठवून पोच घेतली, शिवाय टपालाने पोचपावतीसह. इथल्या दस्तात ६० दिवसांत उत्तर न आल्यास मंजुरी समजावी असे वाक्य आहे. सगळ्याच दस्तांत ते नसते.

४ नोव्हेंबर २०२४ – सशर्त मंजुरी

चार अटी आल्या.

फुटपाथपासून तीन फुटांत १८ इंचांहून उंच काही नको: मान्य. वाजवी आहे, आणि गाडी बाहेर काढताना दिसायलाही हवे.

आच्छादन गडद रंगाच्या लाकडी चिपांचेच: मान्य.

यापुढे कधीही लॉन ६० टक्क्यांखाली जाणार नाही असे लिहून द्यावे: नकार. एका परिच्छेदाचे उत्तर, कलमाचा उल्लेख करून. अशी लेखी हमी देऊ नये. कायद्याने मिळालेला हक्क घरमालक स्वतःच्या सहीने कमी करून बसतो आणि पुढच्या टप्प्यात तोच कागद समोर येतो.

आराखडा परवानाधारक लँडस्केप आर्किटेक्टकडून करून आणावा: नकार. एवढ्या लहान वाफ्यासाठी ती फी रोपांच्या किमतीहून जास्त होते, म्हणजे खर्च लक्षणीय वाढवणारे बंधन.

१८ नोव्हेंबर २०२४

समितीने शेवटच्या दोन अटी मागे घेतल्या. लेखी.

२३ नोव्हेंबर २०२४ – लॉन मारणे

लॉन दोन इंचांवर कापले. त्यावर साधा तपकिरी पुठ्ठा, टेप आणि स्टेपल काढून, सहा इंच एकावर एक. भिजवला. वर चार इंच चिपा: ३५० चौ. फुटांना ११७ घनफूट, म्हणजे सव्वाचार घनयार्डांच्या आसपास. चकचकीत छपाईचा पुठ्ठा घेतला नाही.

गवत टॉल फेस्क्यू असल्याने हे पुरते. बर्म्युडा असते तर पुरले नसते. ते पुठ्ठ्याखालून आडवे सरकत कडेला बाहेर येते.

कडा: सपाट फावड्याने लॉनच्या बाजूला उभा काप, पाच इंच खोल, वाफ्याच्या बाजूला तिरका. इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर. प्लॅस्टिकची पट्टी थंडीत जमीन गोठून फुगली की वर उचलली जाते आणि वेडीवाकडी दिसते. चर वर्षातून दोनदा नव्याने कापावी लागते, पण कापलेली चर पाहून कुणी 'दुर्लक्ष' म्हणत नाही. सगळ्या कामात कमी खर्चात सर्वांत जास्त उपयोगी पडणारी गोष्ट हीच.

२९ मार्च २०२५ – रेन गार्डन

माती मुठीत दाबून पाहिली, फुटली. म्हणजे खणण्याइतकी कोरडी. ओल्या चिकणमातीत खणले तर फावड्याने बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पाणी मुरत नाही. तळ सपाट, दोन मीटर लांबीच्या फळीवर लेव्हल ठेवून तपासला. निघालेले ३५ घनफूट उताराच्या बाजूला बांध म्हणून, तुडवून घट्ट. बांधाचा माथा दुसऱ्या बाजूच्या जमिनीइतका. जादा पाण्याची वाट दोन इंच खाली, आपल्याच लॉनकडे. शेजाऱ्याकडे कधीही नाही. डाउनस्पाउटला चार इंची नळी जोडून आत आणली, तोंडाशी गोटे. गोटे नसतील तर पहिल्याच मोठ्या सरीत तिथे घळ पडते.

१० मे २०२५ – लागवड

पुठ्ठा मऊ झाला आहे, चिपा बसून अडीच इंच. चिपा बाजूला सारून, पुठ्ठ्याला भोक पाडून, रोप मातीत. इथे सर्वांत जास्त रोपे मरतात ती एका कारणाने: मुळांचा गोळा मातीत न जाता चिपांत अडकतो आणि चार दिवसांत सुकतो. गोळ्याचा माथा मातीच्या पातळीला हवा. मग चिपा ओढून घ्यायच्या, खोडापासून दोन बोटे दूर.

प्रत्येक गटाला एकच नावपाटी, कडेला. उंचीच्या क्रमाने मागे-पुढे, एकेका जातीचे सात-आठ एकत्र. सुटी सुटी विखुरलेली रोपे गोंधळ दिसतात, पुंजके मुद्दाम लावलेले दिसतात. इंकबेरी बसल्या. समोर एक छोटा फलक: परागवाहक कीटकांसाठीची बाग.

१४ जून २०२५ – तण

चिपांवर जपानी स्टिल्टग्रास उगवले. पानावर चंदेरी रेघ, ती मध्यापासून थोडी बाजूला असते. ओळखायची खूण तीच. मुळे उथळ, हाताने निघते. ऑगस्टअखेर बी धरण्याआधी काढलेच पाहिजे. कॅनडा थिसल एक सापडले; ते राज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे, म्हणजे त्याचा बंदोबस्त करणे मालकाला बंधनकारक आहे. काढले, फोटो काढून.

ऍस्टर निम्म्यावर खुडला. जुलैच्या मध्यापर्यंत खुडला तर ठेंगणा आणि दाट राहतो, फुले आठवडाभर उशिरा.

७ जुलै २०२५ – पाणी

पाऊस नसेल तर पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक इंच. वाफ्याला ते सुमारे २२० गॅलन. सकाळी, एकदाच, खोलवर. रोज थोडे शिंपडले की मुळे वरच राहतात. सरीनंतर रेन गार्डन दहा तासांत कोरडी. डासाच्या अळीला आठवडाभर साचलेले पाणी लागते. समितीला हा आकडा कळवून ठेवला.

२१ जुलै २०२५ – तक्रारीचे पत्र

असोसिएशनकडून पत्र: समोरच्या वाफ्यात 'उंच वाढलेले तण', दहा दिवसांत काढावे, नाहीतर दंड. कोणती रोपे, कोणता नियम, काही नाही.

१ ऑक्टोबर २०२२ पासून मेरिलँडच्या एचओए कायद्यात, कलम ११बी-१११.१० मध्ये, पद्धत ठरवून दिली आहे. असोसिएशनच्या दस्तात वेगळी पद्धत नसेल तर ती लागू होते. दंडाआधी लेखी नोटीस, त्यात उल्लंघन नेमके कोणते, काय दुरुस्त करायचे आणि त्यासाठी किमान दहा दिवस. त्यानंतर सुनावणी मागण्याचा हक्क. थेट दंड नाही. पत्र आले की घाबरून रोप उपटणे ही सर्वांत महागडी चूक. उपटलेल्या बागेवर हक्क सांगता येत नाही.

उत्तर त्याच दिवशी, शांत भाषेत. सोबत:

- मंजूर आराखडा आणि मंजुरीचे पत्र
- उंचीची पट्टी शेजारी धरून काढलेले फोटो; फुटपाथपासून तीन फुटांत सर्वांत उंच रोप १४ इंच
- ज्याला तण म्हटले असावे ते स्वॅम्प मिल्कवीड, ४४ इंच, यादीत अमुक क्रमांकावर मंजूर
- या नोंदींची मे ते जुलैची पाने
- विनंती: नियमाचा क्रमांक लेखी द्यावा, अन्यथा सुनावणी हवी

वाटाघाटीला जागाही ठेवली: मिल्कवीडचे रस्त्याकडचे तीन गड्डे पावसाळी वाऱ्यात कलतात, त्यांना हिरव्या काठ्यांचा आधार देऊ. दिला.

११ ऑगस्ट २०२५

पत्र मागे घेतल्याचे लेखी आले. सुनावणी झाली नाही. मागे घेतल्याचा कागद मंजुरीच्या फाइलमध्ये; घर विकताना असोसिएशनने दिलेल्या कागदांत उल्लंघनाची नोंद राहू नये म्हणून तो लागतो.

१ सप्टेंबर २०२५ – इतर राज्यांतल्या घरांसाठी

या नोंदी मागणाऱ्यांत टेक्सस, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियातली मराठी घरेही आहेत. मेरिलँडचे कलम जसेच्या तसे उतरवू नये. टेक्ससमध्ये प्रॉपर्टी कोडचे २०२.००७ कलम दुष्काळाला टिकणाऱ्या बागेला संरक्षण देते, पण असोसिएशन तपशीलवार आराखडा मागू शकते. फ्लोरिडात 'फ्लोरिडा-फ्रेंडली लँडस्केपिंग' अडवता येत नाही. कॅलिफोर्नियात सिव्हिल कोड ४७३५ नुसार कमी पाण्याच्या रोपांवर सरसकट बंदी किंवा लॉन बदलण्यास मनाई चालत नाही. कोलोरॅडोत २०२३ च्या कायद्याने असोसिएशनला कमी पाण्याचे तीन तयार आराखडे ठेवावे लागतात. त्यातला एक उचलणे हा तिथला सर्वांत जलद मार्ग. हे चारही कायदे पाण्याच्या बचतीवर उभे आहेत. तिथल्या अर्जात फुलपाखरे दुसऱ्या पानावर, गॅलन पहिल्या.

८ नोव्हेंबर २०२५ – हंगामाची आवराआवर

मर: वाफ्यात अकरा रोपे, त्यातली सहा बटरफ्लाय वीड, सगळी डाउनस्पाउटच्या जुन्या ओल्या पट्ट्यात. त्या जागी जादा ठेवलेली सात रोपे बसवली, पण मिल्कवीड तिथे पुन्हा नाही, सेज आणि ब्लूस्टेमच. बटरफ्लाय वीड वसंतात उशिरा, मेच्या मध्यापर्यंत, कोंब काढते. जिवंत गड्ड्यांपाशी खुंट्या रोवल्या, नाहीतर खुरपणीत जातात.

सुकलेल्या दांड्या आता कापायच्या नाहीत. त्यांत आणि त्यांच्या बुंध्याशी कीटक हिवाळा काढतात. फक्त फुटपाथलगतची फूटभर पट्टी स्वच्छ, चर नव्याने कापली. समितीला एका ओळीचा ईमेल: दांड्या मंजूर वेळापत्रकाप्रमाणे एप्रिलमध्ये कापल्या जातील, १५ इंचांचे खुंट ठेवून.

दुसऱ्या टप्प्याचा अर्ज, आणखी २४० चौ. फूट, जानेवारीत. लॉन तेव्हा ६० टक्क्यांखाली जाईल. १८ नोव्हेंबर २०२४ चे पत्र सोबत जोडायचे.